यशाचे मोजमाप आणि सेवेकऱ्यांचे मन

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर वैद्यकीय आणि परिचर्या विभागांच्या वतीने केलेले भाषण)



कोणत्याही रुग्णालयाचा वार्षिक अहवाल उघडला की प्रथम आकड्यांचा तक्ता दिसतो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती दाखल झाले, शस्त्रक्रिया किती झाल्या, डायलिसिस किती झाले, किती खाटा भरलेल्या राहिल्या. हे आकडे आवश्यकच आहेत. समाजाच्या पैशावर चालणाऱ्या न्यासाने समाजाला हिशोब दिलाच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. हे कर्तव्य पार पडले की नाही, हेही आकड्यांवरूनच कळते.

तथापि आज आम्ही आपल्यासमोर जो विषय मांडणार आहोत, तो या तक्त्यात कुठेच दिसत नाही. सेवा करणारी माणसे सेवा करता करता आतून विझत का जातात, आणि यशाविषयीच्या आपल्या कल्पनेचा त्याच्याशी काय संबंध आहे, हा तो विषय होय. इंग्रजीत या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. मराठीत तिला एकच नेमका शब्द नाही. भांडे चुलीवर ठेवावे, त्यातले पाणी आटून जावे आणि खाली आच मात्र चालूच राहावी, तसे हे करपणे आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की थकवा वेगळा आणि हे करपणे वेगळे. सलग रात्रपाळ्या करून घरी गेलेली परिचारिका दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर टवटवीत होऊन परतते. तो थकवा, तो सर्व श्रमिकांना येतो आणि विश्रांतीने जातो. परंतु कधी कधी सुट्टीवरून परतताना रुग्णालयाच्या फाटकापाशीच पाय जड होतात. रुग्णाच्या नावाऐवजी खाटेचा क्रमांक तोंडी येतो. पूर्वी ज्या प्रश्नाला शांतपणे उत्तर दिले जाई, त्याच प्रश्नाने कपाळावर आठी उमटते. आणि दिवसाच्या शेवटी, आपण केले काय अन् न केले काय, सारखेच, असे वाटू लागते. हे विश्रांतीने जात नाही, कारण ते केवळ श्रमामुळे आलेले नसते.

या अवस्थेला वैद्यकीय वाङ्मयात स्थान मिळवून देणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर. त्यांचा जन्म १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. नाझी राजवटीतून निसटून ते बालपणीच अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करू लागले. दिवसभर स्वतःचे रुग्ण पाहून संध्याकाळी ते एका मोफत दवाखान्यात काम करीत. व्यसनात अडकलेले, निराधार असे तरुण तिथे येत आणि त्यांची सेवा मुख्यतः स्वयंसेवक करीत. काही महिन्यांतच या उत्साही स्वयंसेवकांचे तेज ओसरते, ते चिडचिडे आणि कोरडे होतात, हे त्यांनी पाहिले; त्याचा अनुभव त्यांना स्वतःलाही आला. १९७४ साली त्यांनी याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक निरीक्षण आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे: या अवस्थेचा धोका सर्वांत अधिक असतो तो कामावर निष्ठा असलेल्यांना, स्वतःला झोकून देणाऱ्यांना. हा शोध एखाद्या कारखान्यात किंवा व्यापारी कचेरीत न लागता लोकांच्या मदतीवर चालणाऱ्या मोफत दवाखान्यात लागला, ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थेला विचार करावयास लावणारी आहे.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक या विदुषींनी आपल्या सहकारी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ साली या अवस्थेचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी तिची तीन अंगे सांगितली. पहिले, भावनिक शक्ती पूर्ण संपून जाणे. दुसरे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे बंद होणे. तिसरे, आपल्या हातून काही मोलाचे घडते ही भावनाच नाहीशी होणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची व्याख्या केली, तीही याच तीन अंगांवर आधारलेली आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. त्यात संघटनेने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. बर्नआउट हा आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाची योग्य व्यवस्था न लागल्याने उद्भवणारी, कामाशी निगडित अवस्था होय. म्हणजे त्याचे औषध एकट्या माणसाच्या मनात शोधून चालणार नाही. ते कामाच्या रचनेतही शोधावे लागेल.

आज आम्ही विशेषेकरून तिसऱ्या अंगाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्या हातून काही मोलाचे घडते, ही भावना कशाने टिकते? आपण यश कशाला म्हणतो, यावर ते अवलंबून असते.

रुग्णालयातील यशाची रूढ कल्पना सरळ आहे. रुग्ण बरा झाला, चालत घरी गेला, म्हणजे यश. प्रसूतिकक्षात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, मोडलेले हाड जुळवण्यात ही कल्पना पुरेशी आहे. परंतु आपल्या रुग्णालयात येणाऱ्या सर्व रुग्णांना ती लागू होते का, याचा विचार करावा. कर्करोगाचे अनेक रुग्ण आपल्या देशात रोग बराच पसरल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. गाठ दुखत नाही म्हणून आधी दुर्लक्ष होते, मग पेरणीचे दिवस असतात, मग मुलीचे लग्न असते, मग पैशांची जुळवाजुळव. ते जेव्हा आमच्यासमोर येतात, तेव्हा रोग समूळ नाहीसा करणे बहुधा कोणाच्याच हाती उरलेले नसते. डायलिसिस विभागातील रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षे येतो. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले नाही, तर तो 'बरा होऊन' कधीच जात नाही. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या वृद्धाला पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच असे नाही.

आता त्या विभागांतल्या परिचारिकेचा विचार करा. बरे होणे हेच एक यश मानले, तर तिच्या वाट्याला वर्षभर अपयशच येते. तिने सकाळी रुग्णाला कुशीवर वळवले, पाठीला शय्याव्रण होऊ दिले नाही, डायलिसिसची सुई एकाच प्रयत्नात आणि न दुखवता टोचली, घाबरलेल्या मुलाला वडिलांच्या प्रकृतीविषयी समजेल अशा भाषेत सांगितले. यातले काहीही यशाच्या त्या एका मापात बसत नाही. मग दिवस कितीही चांगल्या कामाने भरलेला असो, मनाच्या वहीत त्याची नोंद शून्य अशीच होते. अशी शून्ये वर्षानुवर्षे साठत गेली, म्हणजे माणूस करपतो.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने हे सर्वत्र दिसून आले. अंगावर संरक्षक पोशाख, चेहरा ओळखू न येणारा, नातेवाइकांना आत प्रवेश नाही. दूरध्वनीवरच्या चित्रातून घरच्यांची शेवटची भेट घडवून आणणे, हेही त्या काळात सिस्टरांचे आणि मावशी-मामांचे काम झाले. त्या वेळी समाजाने सेवेकऱ्यांना योद्धे म्हटले. त्यामागची भावना आम्ही कृतज्ञतेने स्वीकारतो. परंतु योद्धा म्हटले की जिंकणे आले आणि हरणे आले. पुष्कळ सहकाऱ्यांच्या मनात त्या दोन वर्षांची नोंद अजूनही हरलेल्या लढाईसारखी आहे, जरी त्यांनी शेकडो माणसांना एकटे मरू दिले नाही तरीही.

यशाचे दुसरे माप असू शकते काय? असू शकते, आणि ते ज्यांनी घडवले त्यांची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे उचित ठरेल.

सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८ सालचा. त्यांनी प्रथम परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या लंडनमध्येच रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. तेथे त्यांची भेट डेव्हिड तास्मा या रुग्णाशी झाली. पोलंडमधून आलेला हा ज्यू माणूस उपाहारगृहात वाढप्याचे काम करीत असे. जवळ कुटुंब नाही, कर्करोग बरा होण्याची आशा नाही. साँडर्स त्याला भेटत, त्याचे ऐकून घेत. अशा रुग्णांना शांतपणे अखेरचे दिवस काढता येतील, असे एखादे घर असावे, अशी कल्पना त्या दोघांच्या बोलण्यातून निघाली. १९४८ साली तो वारला, तेव्हा त्याने त्या न बांधलेल्या घरासाठी आपल्याकडचे ५०० पौंड ठेवले होते. त्या घरातली एक खिडकी आपण व्हावे, अशी त्याची इच्छा होती.

त्या खिडकीभोवती घर उभे राहायला १९ वर्षे लागली. तेवढ्या काळात साँडर्स नव्याने वैद्यकशास्त्र शिकून १९५७ साली डॉक्टर झाल्या. वेदना असह्य होऊन रुग्ण विव्हळू लागेपर्यंत वाट पाहायची आणि मग औषध द्यायचे, ही तेव्हाची रीत होती. वेदना उसळण्याआधीच ठरावीक वेळांनी मॉर्फिन दिले, तर रुग्ण शांतही राहतो आणि शुद्धीवरही राहतो, हे त्यांनी काळजीपूर्वक नोंदी ठेवून दाखवून दिले. शरीराच्या वेदनेबरोबर मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेची वेदनाही असते, या सर्वांची मिळून एक 'समग्र वेदना' होते, असे त्यांनी मांडले. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. त्याच धर्तीवर भारतातील पहिले हॉस्पिस, मुंबईतील वांद्रे येथील शांती आवेदना सदन, १९८६ साली स्थापन झाले.

साँडर्स यांच्या कार्यात यशाचे माप पूर्ण बदलले आहे. त्यांच्याकडे येणारा बहुतेक प्रत्येक रुग्ण जाणार होता. तरी तेथील सेवकांना दररोज यशाचा अनुभव येऊ शकत होता, कारण प्रश्न निराळे विचारले जात होते. आज वेदना कालच्यापेक्षा कमी आहे का? रात्री झोप लागली का? ज्याला भेटायचे होते, तो भेटून गेला का? या प्रश्नांची उत्तरे सेवा करणाऱ्याच्या हातातली असतात. रोगाचा शेवट त्याच्या हातात नसतो.

आपल्याकडे वेदनाशमनाची वाट आणखी बिकट होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन मिळवणे रुग्णालयांना कठीण झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही प्रक्रिया सुलभ झाली. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाजवळ औषधावाचून रात्रभर उभे राहणे, याइतके सेवेकऱ्याला करपवणारे दुसरे काही नाही. म्हणून औषध वेळेवर उपलब्ध असणे ही रुग्णावरची दया तर आहेच, पण ती सेवेकऱ्याच्या मनाचीही राखण आहे.

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. यशाची व्याख्या बदलणे म्हणजे अपेक्षा खाली आणणे तर नव्हे? बरे करता आले नाही, तर 'आम्ही मायेने वागलो' असे म्हणून मोकळे व्हायचे काय? या शंकेचे उत्तर बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले आहे. रुग्णालये केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या छापतात. परंतु त्या रुग्णाचे वर्षभराने काय झाले, हे कोणी पाहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. प्रत्येक रुग्णाचा अखेरचा परिणाम नोंदवावा, असा आग्रह त्यांनी धरला. तो तेथील प्रस्थापितांना रुचला नाही. १९११ साली त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. तेथून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या आणि उपचारांत राहिलेल्या १२३ उणिवाही त्यांत उघडपणे मांडल्या. हे माप संख्येच्या मापापेक्षा अधिक कठोर आहे. शस्त्रक्रिया झाली, की संख्येचे काम संपते. माणूस घरी कसा जगतो आहे, हे विचारायचे ठरवले, की वर्षभर त्याची विचारपूस करावी लागते.

आम्ही ज्या यशाविषयी बोलत आहोत, ते हे आहे. जे बरे होऊ शकतात, त्यांना बरे करण्यात कसूर नको. जे होऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी जे करणे शक्य आहे, ते उत्तम रीतीने झाले पाहिजे. आणि दोन्हींची नोंद सारख्याच आदराने व्हावी.

केवळ विचार मांडून आम्ही थांबलेलो नाही. वॉर्डात ताप, नाडी आणि रक्तदाब यांच्या जोडीला रुग्णाची वेदना किती आहे, हे त्यालाच विचारून केसपेपरवर लिहिण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे. दीर्घ आजाराच्या रुग्णांना घरी गेल्यावर दूरध्वनी करून विचारपूस केली जाते. तिचा एक लाभ अनपेक्षित होता. ज्या परिचारिकेने शुश्रूषा केली, तिलाच रुग्ण पुढे कसा आहे, हे कळू लागले. एरवी खाट रिकामी होते आणि हकीकत अर्धीच राहते. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय एकत्र बसतात आणि मनाला लागलेल्या एखाद्या प्रसंगाविषयी बोलतात. तेथे हुद्दा पाहिला जात नाही आणि दोष ठेवला जात नाही. बॉस्टनमधील केनेथ श्वार्ट्झ हे वकील १९९५ साली कर्करोगाने वारले. त्यांच्या नावाने तेथे सुरू झालेल्या अशाच बैठका आता अनेक देशांतील रुग्णालयांत चालतात.

परंतु बैठका आणि विचार पुरेसे नाहीत. ज्या वॉर्डात एका परिचारिकेकडे दोघींचे काम आहे, तिथे यशाची कितीही सुंदर व्याख्या भिंतीवर लावली, तरी तिचा उपयोग नाही. उलट तो उपहास ठरेल. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ साली तयार केलेल्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली एक नवे वचन समाविष्ट झाले: उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याची आणि स्वास्थ्याचीही काळजी घेईन. हे वचन डॉक्टरने द्यायचे आहे. ते त्याला पाळता यावे, एवढी फुरसत ठेवणे मात्र संस्थेच्या हाती असते.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, विश्वस्त मंडळास. पुढील वर्षीच्या अहवालात आकड्यांच्या तक्त्याशेजारी आणखी एक पान असावे. वेदनाशमन किती रुग्णांचे झाले, शय्याव्रण किती जणांना झाले नाही, घरी गेलेल्या किती जणांची विचारपूस झाली, किती सेवेकऱ्यांना त्यांच्या हक्काची साप्ताहिक सुट्टी खरोखर मिळाली, हे त्या पानावर यावे. मासिक सभेतही खाटांच्या चौकशीबरोबर ही चौकशी व्हावी. वरिष्ठ जे विचारतात, तेच काम महत्त्वाचे मानले जाते, हा सर्व संस्थांचा अनुभव आहे.

दुसरी, देणगीदारांस. आपल्या दातृत्वावर हे रुग्णालय उभे आहे. आपण दिलेल्या यंत्रांवर आपल्या मातापित्यांची नावे कोरलेली आहेत, आणि ती वाचून आम्हांलाही बळ येते. परंतु रात्रपाळीच्या एका जादा परिचारिकेच्या वेतनावर नाव कोरता येत नाही. कोनशिला बसवता येत नाही, फीत कापता येत नाही. तरीही रात्री दोन वाजता घंटा वाजली असता कोणीतरी वेळेत खाटेपाशी पोहोचते, ते त्या देणगीमुळे. डेव्हिड तास्मा यांच्या ५०० पौंडांनी त्यांचा स्वतःचा आजार बरा झाला नाही, आणि ते घरही त्यांना पाहता आले नाही. तरी ती देणगी व्यर्थ गेली, असे आज कोणी म्हणणार नाही. यंत्रांबरोबर मनुष्यबळासाठीही एक कायम निधी उभा राहावा, अशी आमची आपणांस नम्र प्रार्थना आहे.

तिसरी, रुग्णांच्या कुटुंबीयांस. आपला माणूस अंथरुणावर असताना आपला जीव टांगणीला लागलेला असतो, हे आम्ही जाणतो. आपले प्रश्न आम्हांला अवश्य विचारावेत. विचारण्याचा तो आपला हक्कच आहे. एवढेच मागणे आहे, की जेथे बरे होणे शक्य नाही असे डॉक्टर सांगतात, तेथे 'आता काही करण्यासारखे उरले नाही' असा अर्थ घेऊ नये. करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यातले बरेचसे आपण आणि आम्ही मिळून करू शकतो. आजोबांना कोणती भाजी आवडते, आजींना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे सिस्टरांना सांगावे. क्रमांकाच्या जागी माणूस दिसू लागण्यास तेवढे साहाय्य पुरते.

कधी कधी एखाद्या मृत रुग्णाचे नातेवाईक वर्षश्राद्ध आटोपून पुन्हा रुग्णालयात येतात. वॉर्डात येऊन मावशींना भेटतात, पेढा हातावर ठेवतात, आणि शेवटच्या दिवसांत त्यांना त्रास झाला नाही, एवढे सांगून जातात. रूढ मापाने पाहिले, तर तो रुग्ण आमच्या अपयशाच्या रकान्यात आहे. त्या कुटुंबाने त्याला त्या रकान्यात ठेवलेले नाही. आमच्या सहकाऱ्यांनीही ठेवू नये, आणि संस्थेच्या वहीतही तो त्या रकान्यात राहू नये, एवढ्यासाठी आजचे हे निवेदन होते.